बैठकीतून वर आणलेली वायर

आई लखनौला आली ती डोळे दाखवायला, आणि दोन वर्षं झाली तरी परत गेली नव्हती. आजूबाजूचे म्हणायचे, अम्माचा लेकीवर किती जीव आहे बघा. आई मात्र रोज सकाळी चहाचा कप हातात घेता घेता एकच वाक्य बोलायची, "मले नागपूरले नेऊन घाल वं." मी म्हणायचे, "नेते ना." आणि डबा उचलून नोकरीवर निघून जायचे.

का नेत नव्हते ते सरळच सांगते. मला तिला सोडायचं नव्हतं. मी तेव्हा एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स विभागात टेक्निशियन होते. तेलीबागेत वरच्या मजल्यावर एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि पुढे हातभर गच्ची, एवढ्यात माझा संसार. लग्न केलेलं नव्हतं. त्याची कारणं लोकांनीच इतकी शोधून ठेवली होती की मला वेगळं द्यायची गरजच पडली नाही. दिवसभर हिंदी. संस्थेत पुण्याकडचे दोन-चार मराठी शास्त्रज्ञ होते, ते व्हरांड्यात भेटले की "काय, बरंय ना?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचे. आपल्या समाजाची काही घरं रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत होती, पण शहरभर विखुरलेली. जयंतीला नि बुद्धपौर्णिमेला सगळे एकत्र यायचे. त्यांच्या मुलांशी मराठीत बोलायला जावं तर ती म्हणायची, "हाँ मौसी, सब ठीक है." आई येण्याआधी मी मराठी बोलत होते ती फक्त स्वतःशी, आणि तीही हात भाजला की. आई आली आणि संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या भांडायला माणूस मिळालं. ती गेली असती तर मी कोणाशी भांडणार होते?

डोळ्यांचं काही झालं नाही. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, साखरेनं मागचा पडदा खराब झालाय, चष्म्यानं काही होणार नाही. बारीक तिला काहीच दिसत नसे. मोठं, ढोबळ तेवढं दिसे. चेहरा पुसट, पण माणूस दारातून आत आलं की चालीवरून ओळखायची, बाईमाणूस असेल तर पदरावरून. खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहायचे, त्यांना सगळे बाबूजी म्हणत. त्यांची सून, मी तिला भाभी म्हणायचे, जिन्यावर आली की आई म्हणे, "आली पाय, उजव्या खांद्याची." इकडच्या बायका पदर मागून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे सोडतात. आपला डावीकडून मागे. आईच्या हिशोबी जगात दोनच तऱ्हेच्या बाया होत्या.

त्या दुसऱ्या वर्षी नागपूरला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आम्ही निघायची तयारी केली आणि आई जिन्यात घसरली. पाय प्लास्टरमध्ये. नवरदेवाची बदली दूर होणार होती, म्हणून आईनंच निरोप धाडला, "माह्या पायासाठी तारीख ढकलू नका." मग ती इथं पलंगावर आणि मी तिच्या उशाशी, आणि तिकडे शेंडेफळाचं लग्न लागलं. त्या दिवशी आईनं दिवसभर काही खाल्लं नाही. रडलीही नाही. नुसती विचारत राहिली, "आता काय चालू असन? आता जेवाले बसले असतीन का?"

नागपूरला राहणाऱ्या माझ्या भावानं लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढून घेतली होती. ती त्यानं रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली, मी चारबाग स्टेशनवर जाऊन घेऊन आले. आईनं हातात घेतली, उलटीसुलटी चाचपली, कानाशी हलवूनसुद्धा पाहिली. "यात हाय का माही पोट्टी?" म्हणाली आणि उशीखाली ठेवून दिली.

तिला लग्न दाखवायचं हे मी तेव्हाच ठरवलं. आणि त्यात माझा स्वार्थ होता, तो कशाला लपवू? एकदा डोळे भरून सगळ्यांना पाहिलं की तिची नागपूरची तहान भागेल आणि सकाळचं ते 'नेऊन घाल' बंद होईल, असा माझा अंदाज होता.

पण दाखवायचं कसं? व्हिडिओ होता बाबूजींकडे. त्यांच्या मुलानं आखातातून आणलेला. बैठकीत लाकडी कपाटात, वर भाभीनं विणलेलं जाळीचं झाकण. बाबूजी माणूस दिलदार, पण त्या यंत्राच्या बाबतीत एकदम ठाणेदार. म्हणाले, "बिटिया, जब चाहो देखो। मगर मशीन नीचे ही रहेगी।" आई तर प्लास्टर सुटल्यावरही जिना उतरू शकत नव्हती. उतरली असती तरी टीव्हीच्या काचेवर तिला मुंग्यांची रांगच दिसली असती. तिला दिसायला माणसं माणसाएवढी हवी होती. म्हणजे पडद्यावरच हवी होती.

मग काय, आपण कशासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो? नख्खासच्या रविवारच्या बाजारात मला एक जाडजूड भिंग मिळालं. शाळांमध्ये पुस्तकातलं चित्र भिंतीवर पाडायचं जुनं यंत्र असायचं, त्यातलं ते. माझा छोटा काळापांढरा टीव्ही होता. तो मी काळ्या रंगाच्या खोक्यात बसवला आणि पुढे भोक पाडून भिंग लावलं. भिंगातून चित्र डोक्यावर पडतं, म्हणून टीव्हीच उलटा ठेवला, पाय वर करून. आणि भिंतीवर खरंच हातभर रुंद माणसं उमटली! अंधूक, दिवाळीतल्या पणतीच्या उजेडात बसल्यासारखी, पण माणसं. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. आई मागच्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं वं, पाल पडली का?"

आता व्हिडिओ खाली आणि टीव्ही वर, तेव्हा मधे वायर ओढणं आलं. आधी मी अँटेनाची चपटी वायर लावली, कारण ती घरात पडून होती. जित्याची खोड म्हणतात तशी माझी एक खोड, घरात असलेलं आधी वापरून बघायचं. आईला स्वयंपाकघरात बसवून लावून पाहिली, तर ती वायर पुरती चोंबडी निघाली. व्हिडिओचं चित्र तर आणायचीच, वर आकाशातलं जे सापडेल ते गोळा करायची. रायबरेली रोडवरून स्कूटर गेली की वऱ्हाडावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचं फिकट भूत. संध्याकाळी सरकारी टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम सुरू झाला आणि आमच्या नवरदेवाच्या छातीवरून ट्रॅक्टर चालायला लागला. बाबूजी खालून ओरडले, "बिटिया, कुछ आया?" मी म्हटलं, "हाँ बाबूजी, ट्रैक्टर आया."

मग अमीनाबादेतून गोल केबल आणली, आत तांब्याची तार आणि भोवती जाळी असलेली. ती बाहेरचं काही आत येऊ देत नाही. बैठकीच्या रोशनदानातून, म्हणजे वरच्या झरोक्यातून, बाहेर काढली, सांडपाण्याच्या पाइपाला सुतळीनं बांधत वर नेली, गच्चीच्या कठड्यावरून दाराखालून खोलीत घेतली. बाबूजी शिडी धरून उभे राहायचे आणि शिडी सोडून सल्ले द्यायचे. माकडांनी ती केबल ओरबाडली, मी पुन्हा बांधली. केबल जितकी लांब तितकं चित्र वाटेत थकतं, म्हणून वर येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असायचा. त्याला जोर द्यायला एक छोटा बूस्टर मी स्वतः सोल्डरिंग करून बनवला. संस्थेत माझ्या हातून याहून अवघड कामं झाली असतील, पण इतक्या मन लावून नाही.

एका रविवारी दुपारी खिडक्यांना रजया टांगल्या, आईला पलंगावर टेकवून बसवलं आणि भाभीला खालून कॅसेट सुरू करायला सांगितलं.

भिंतीवर विहार उमटलं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका आत येत होत्या. आई पुढे वाकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता हसेल, मग हसेल. ती पाहत राहिली, पाहत राहिली, आणि मागे टेकली.

"हे कोणाचं लगन हाय?"

"अवं आई, आपल्या धाकटीचं!"

"ह्या आपल्या बाया नाहीत. पदर पाय ना. सगळ्यायचे उजव्या खांद्यावर. ह्या इकडल्या हायेत."

मी भिंतीकडे पाहिलं, तिचं खरं होतं. टीव्ही उलटा ठेवल्यानं चित्राचं डोकं वर आलं होतं, पण डावं-उजवं आरशासारखं बदललं होतं. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला वाटलं होतं, आईला कुठं वाचता येतं, उलट काय नि सुलट काय! तिला चेहरे दिसत नव्हते. तिच्याकडे ओळखीची एकच खूण होती, पदराची, आणि नेमकी तीच मी फिरवून ठेवली होती.

मी समजवायला गेले. आरसा, भिंग, सगळं सांगितलं. ती ऐकेना, तोवर भिंतीवर पंगत आली. "माहा पोरगा डाव्या हातानं वाढून राहिला का तिथं? मले नको शिकवू. तुले मले न्यायचं नाही, म्हून कोणाचंही लगन लावून दिलं भिताडावर. आंधळी हावो मी, येडी नाही."

भाभी जिन्यावर आली होती, तिला वाटलं सिनेमा बघून अम्मा रडतायत.

त्यानंतरचा आठवडा फार वाईट गेला. आई बोलायची ते 'हाव' आणि 'नाही', एवढंच. सकाळचं 'नेऊन घाल'सुद्धा बंद झालं. हेच तर मला हवं होतं ना? मी नोकरीवरून यायचे, कुलूप काढल्यासारखं तोंड उघडायचे आणि समोरून काही यायचं नाही. वरणाला फोडणी देताना मला रडू यायचं, मी मिरचीला शिव्या घालायचे. तिनं मला खोटं पाडलं होतं, आणि त्यातला अर्धा भाग खराच होता, तो जास्त झोंबत होता.

टीव्ही उघडून आतल्या दोन वायरी अदलाबदल केल्या असत्या तर चित्र सरळ झालं असतं. पण टीव्ही गॅरंटीतला, सील तोडायची छाती झाली नाही. दुसरा उपाय होता. चित्र भिंतीवर पाडायचंच नाही. मधे पातळ चादर टांगायची, मागून पाडायचं आणि पुढून बघायचं. मग डावं डावीकडे येतं. खोली आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात मी चादर ताणून बांधली, खोकं मागे ओट्यावर नेलं. म्हणजे केबल पुन्हा तोकडी पडली. गच्चीवरून वळसा घालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणखी एक तुकडा जोडून आत घेतली. बूस्टरचा स्क्रू कमीजास्त फिरवत बसले. कोरड्या चादरीतून उजेड पलीकडे जाईना, म्हणून चादर ओली केली. जानेवारीतल्या थंडीत उंबऱ्यावर पाणी ठिबकत होतं.

आई म्हणाली, "आता काय दाखवतं? कोणाचं बारसं?" पण उठून बसली. भाभी यावेळी तिच्या शेजारी बसली, खाली यंत्रापाशी बाबूजी स्वतः.

उलटा ठेवलेला तो टीव्ही तापला की चित्र खालीवर पळवायचा, त्याचं बटण सतत चिमटीत धरून ठेवावं लागायचं. म्हणून मला चादरीच्या मागेच थांबणं भाग होतं. माझ्या बाजूनं मला सगळं उलटंच दिसत होतं. विहार आलं. बायका आल्या, माझ्यासाठी उजव्या खांद्यावर पदर घेऊन. मी बटण आणखी घट्ट धरलं.

मग आईचा आवाज आला, "अवं माय! ही तं आपली मोठी काकी! पाय कशी लंगडून राहिली!"

मी तोंडात पदर कोंबला. म्हणजे ओढणी, पदर कुठला आणू.

"आणि हे माही पोट्टी. हेच हाय. माय माय, किती वाळली वं तू! खात नव्हती का?" आई चादरीशी बोलत होती. "या वैनी, बसा, अशा उभ्या काहून? अरे, त्या म्हाताऱ्याले खुर्ची द्या ना कोणी." भाभीनं हळूच विचारलं, दुल्हन सफेद साडीत कशी. आमच्यात लग्नाला पांढरंच शुभ, असं मी चादरीमागून हिंदीत सांगितलं. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. पडद्यावर वंदना सुरू झाली तशी तिनंही हात जोडले असावेत, कारण तिचा आवाज त्यात मिसळला. मोठा, खडा आवाज. आमच्या वस्तीत तिचा आवाज सगळ्यात पुढे असायचा, हे मी विसरूनच गेले होते. दोन वर्षांत मी तो एकदाही ऐकला नव्हता. मग हार घातले, मग पंगत. ती हसली, कोणाला टोमणे मारले, मेलेल्या कोणाची आठवण काढून उसासे टाकले, नवऱ्या मुलाला दम भरला, "सांभाळजो रे बाबा तिले." उत्तर कोणी देत नव्हतं, पण तिला त्याची गरज नव्हती.

आणि मी तिथं ओट्याला टेकून बटण धरून उभी होते आणि मला कळलं, की मी समजत होते एकटी मी आहे. अगं, मी तर दिवसभर माणसांत असायचे. संध्याकाळी येऊन तिच्याशी पोटभर बोलायचे आणि झोपायचे. ती सकाळपासून त्या खोलीत कोणाशी बोलत होती? माझं घर बोलतं राहावं म्हणून मी तिला तिथं गप्प बसवून ठेवलं होतं. फार वाईट वाटलं. रडू आलं तर चिमटी सुटेल आणि तिची माणसं पळायला लागतील, म्हणून रडलेसुद्धा नाही.

कॅसेट संपली. चादरीवर नुसती पांढरी खसखस उरली.

"गेले सगळे?" आई म्हणाली.

मी बटण सोडलं आणि ओली चादर बाजूला सारून पुढे आले. भाभी डोळे पुसत खाली गेली. आईचा चेहरा असा दिसत होता की जणू आताच गावाहून आली.

"सगळे दिसले," ती म्हणाली. "तूच नाही दिसली."

"मी इथं होते ना आई, तुझ्यापाशी."

"हाव. ते बी खरं."

मी तिच्या पायाशी बसले आणि पटकन बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते. "आई, तिकीट काढते नागपूरचं. आता राहा तिकडेच, सगळ्यांत."

रोज सकाळी हेच तर मागत होती. माझा हात चाचपून धरला तिनं. म्हणाली, "मंग तू कोणाशी बोलशीन?"

"लखनौत माणसांचा दुष्काळ पडलाय का?"

"माणसायचं नाही विचारलं मी," ती म्हणाली. मी उठून रजया काढायला लागले.

रजा मिळाल्यावर तिला घेऊन गेले. नागपूरला भावाच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा दारात सगळी वस्ती. धाकटीसुद्धा माहेरी आली होती. आई खाटेवर बसली आणि एकेक जण समोर आलं की चालीवरून नाव घ्यायची, चुकली की सगळे हसायचे, तीही हसायची. मी चार दिवस राहिले. त्या चार दिवसांत तिनं मला फारसं विचारलं नाही. मला राग नाही आला. नाही, थोडा आला. निघताना मात्र ती दारापर्यंत आली, म्हणाली, "चादर वाळू घातली का वं?" मी म्हटलं, "हो." ती केव्हाच वाळून, घडी होऊन कपाटात गेली होती.

चारबागला उतरले तर टेम्पोवाल्यांचा नेहमीचा गलका, हमाल, चहा. तेलीबागेला पोचले. फाटकाशी भाभी कपडे वाळत घालत होती. हात पुसत पुढे आली.

"दीदी, अम्मा ठीक से पहुँच गईं? कब आएँगी?"

मी सामान खाली ठेवलं आणि सांगायला लागले. गाडीत कशी झोपली, इटारसीला भजी मागून कशी घेतली, दारात किती माणसं जमली, धाकटीनं गळ्यात पडून काय म्हटलं, आईनं काकीला चालीवरून कसं ओळखलं. खाट खिडकीशी टाकली आहे, रस्त्यावरचं सगळं ऐकू येतं तिला, म्हटलं. बायका दुपारी येऊन बसतात. आता ती परत नाही यायची, म्हटलं, आणि नाही आली तेच बरं. घर खायला उठेल आता, पण काय करणार, सवय होईल. तिचं चांगलं झालं ना, बस. असं कितीतरी वेळ मी बोलत होते, नाक ओढत. भाभी मान हलवत होती, मधे मधे "हाँ दीदी" म्हणत होती. मी रडले तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग मी सामान उचलून जिना चढले, कुलपात किल्ली घातली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे सगळं मी मराठीत बोलले होते. एक अक्षर तिला कळलेलं नव्हतं. मी वळून खाली पाहिलं. ती अजून जिन्याशी तशीच उभी होती, तोंड वर करून, मी आणखी काही सांगेन म्हणून.